फाइली टाकल्यात, परवान्याचं काय?

रात्री जागून जमिनीतला ओलावा मोजणारं सर्किट जमवायचं आणि 'घ्या, वापरा' म्हणत त्याच्या फाइली नेटवर टाकायच्या, असं करणारी बरीच पोरं आपल्याकडे आहेत. त्यांना विनंती आहे : त्याच फोल्डरमध्ये परवान्याचीही एक फाइल ठेवा. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. रेखाटन झालं की हक्क तुमचा, आणि तुम्ही परवानगी देईपर्यंत इतरांना नक्कल करायची मुभा नाही. त्यामुळे परवाना दिसला नाही की सरळमार्गी माणूस हात मागे घेतो. उचलणारा काही विचारत बसत नाही.

आता दुसरी बाजू. कॉपीराइट असतो तो रेखाटनावर, बोर्डाच्या फाइलीवर, कोडवर, माहितीपुस्तिकेवर. यंत्र चालतं कसं, यावर नसतो. ते पेटंटचं काम, आणि पेटंट हवं असेल तर अर्ज आधी, फाइली नंतर. खोक्याच्या आकाराची गंमत आणखी वेगळी. नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलंच नाही आणि कारखानदारी पद्धतीने त्याचे पन्नासहून जास्त नग निघाले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १५ वं कलम तसं सांगतं.

परवाना स्वतः लिहायला बसू नका. 'सर्न' या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने खास हार्डवेअरसाठी २०११ मध्ये परवाना काढला. २०२० च्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार झाले. 'पी' सगळ्यात सैल. 'एस' घेतलात, तर बदल करून बोर्ड विकणाऱ्याला बदललेल्या फाइलीही द्याव्या लागतात. 'डब्ल्यू' मधला. कोडला मात्र जीपीएल किंवा एमआयटीसारखा वेगळा परवाना लावा.

'धंद्यासाठी वापरू नये' ही अट घालायचा मोह होतो. मला ती पटत नाही. अशी अट घातली की प्रकल्प ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येत बसत नाही. शिवाय तालुक्याच्या गावात दहा नग बनवून शेतकऱ्यांना विकू पाहणारा वर्कशॉपवालाच तिने अडतो. तुम्हाला तोच तर हवा होता ना?

दुसऱ्याचं डिझाइन घेताना नावही सांभाळा. आर्डुइनोच्या बोर्डांची रेखाटनं खुली आहेत, नाव मात्र ट्रेडमार्क आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा तसाच बोर्ड वेगळ्या नावाने विकला तर चालतो, त्यावर आर्डुइनो छापलं की तो बनावट माल होतो.

जुन्या प्रकल्पांना आजही परवाना लावता येतो. नोकरीचा भाग म्हणून काम केलं असेल तर आधी मालकाला विचारा, कारण वेगळा करार नसेल तर हक्क त्याचाच असतो. चौघांनी मिळून केलं असेल तर चौघांची लेखी संमती घ्या, चौथा आता जर्मनीत असला तरी.