गुरांचे औषध आणि परवान्याचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्यात, जेथे पुष्कळ घरी पेरणीची भिस्त अजूनही लाल कंधारी बैलजोडीवर असते, तेथे गुरांच्या बिनपरवाना औषधांना आळा घालावा असे म्हणताच पहिली हरकत येते ती अशी : दवाखाना दूर, डॉक्टर वेळेवर भेटेलच याची खात्री नाही, हाताशी आहे तो जाणत्या माणसाचा झाडपाला, तोही कायद्याने हिरावून घेतला तर गरिबाने जनावर दावणीला मरू द्यावे काय? या हरकतीमागची व्यथा खरी आहे, आणि ती नाकारणाऱ्याचे म्हणणे शेतकऱ्याने ऐकूच नये. परंतु तिच्यावरून काढलेले अनुमान मात्र चुकीचे आहे.

कारण घरचा झाडपाला कायद्याने हिरावलेलाच नाही. १९४०च्या औषधविषयक कायद्यात आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येतच मनुष्यांबरोबर पशूंचाही अंतर्भाव आहे. असे औषध विक्रीसाठी तयार करावयाचे तर परवाना लागतो, पण वैद्य किंवा हकीम स्वतःच्या रुग्णांपुरते जे औषध करतो त्याला तेथेच मुभा दिलेली आहे. फुगलेल्या बैलाला ओवा-हिंग पाजणाऱ्या आजीबाईंशी कायद्याचे भांडण नाही; भांडण आहे ते घटकांचा उल्लेख न करता, सर्व रोगांवर रामबाण म्हणून बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या द्रवाशी. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेही ‘औषध’ या संज्ञेत पशूंचे औषध धरून खोट्या दाव्यांना मज्जाव केला आहे. म्हणजे उणीव कायद्याची नाही, अंमलबजावणीची आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. मंजूर औषधांनी तरी कोणते भले केले, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांचे मृतदेह खाणारी गिधाडे संपवली नाहीत काय, असे विचारले जाते. जवळजवळ संपवली, हे निर्विवाद. पण त्या औषधाचे नाव व घटक ठाऊक होते, म्हणूनच मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत त्याचा शोध घेता आला, २००४मध्ये कारण सिद्ध झाले आणि २००६मध्ये पशूंसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. निनावी बाटलीने जनावर दगावले तर फिर्याद कोणाविरुद्ध आणि कशाच्या आधारे करावयाची? परवाना म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे. दोष घडला तर तो कोणाच्या पदरी घालावयाचा याची ती तजवीज आहे.

‘वनस्पतीच ती, अपाय काय होणार?’ हे तिसरे म्हणणे तर सर्वांत घातक. अपाय केवळ विषाने होत नाही, गमावलेल्या वेळेनेही होतो. घटसर्प एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच जनावर नेतो. त्याला पावसाळ्यापूर्वीची लस हाच भरवशाचा उपाय. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या बैलाला लसीऐवजी मुळी बांधणे म्हणजे बैलाबरोबर घरातल्या माणसांचाही जीव पणाला लावणे होय. शिवाय नळीने जबरदस्तीने पाजलेला काढा फुप्फुसात उतरला, तर तो कितीही सात्त्विक असो, जनावराला न्यूमोनिया होऊ शकतो.

तेव्हा मान्य करावयाचे ते काय? २०२२मध्ये गुरांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेल्या विड्याची पाने, मिरे, मीठ व गूळ यांच्या चाटणाची कृती प्रमाणांसह सर्वांसमोर होती, आणि त्याच वेळी शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली जात होती. परंपरा व शास्त्र यांचा असा उघड व्यवहार मला पूर्णपणे मान्य आहे. विकत मिळणाऱ्या प्रत्येक औषधावर घटक, उत्पादक, परवाना क्रमांक आणि ते दिल्यावर दूध किती दिवस वर्ज्य हे मराठीत छापलेले असावे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने या भागातील गावठी उपचार नोंदवून, तपासून, उपयुक्त ठरतील ते नावानिशी प्रसिद्ध करावेत. आणि निर्बंधाची भाषा करणाऱ्या सरकारने त्याआधी तालुक्यातील दवाखान्यांची रिक्त पदे भरावीत व पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर हाक मारणाऱ्याच्या गोठ्यापर्यंत फिरते पथक वेळेत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. तेवढे झाल्यावर मात्र निनावी बाटली विकणाऱ्याला कसलीही सवलत देऊ नये.