नाझरची कीर्द उघडा



कोर्टात सगळे न्यायाधीशाच्या खुर्चीकडं बघतात. पैसा असतो नाझरच्या टेबलावर. दंड, जामिनाची रक्कम, दाव्यातली अनामत, मेलेल्या माणसाची भरपाई.

गोदीत आमच्या टोळीतला एक जण लोखंडाखाली गेला. कामगार मेला तर भरपाई मालकानं परस्पर वारसाला द्यायची नाही, कमिशनरकडं जमा करायची, असं १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं ठरवलं होतं. बरोबरच. नाहीतर मालक पाच-पन्नास टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा घेणार. पण जमा झाल्यावर पुढं काय? त्याच्या बायकोबरोबर मी चार खेपा घातल्या. एकदा वही साहेबाकडं, एकदा कारकून रजेवर, एकदा चलन सापडंना. पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. खाल्ले नाहीत हे तिला कळायचं कसं?

माझ्या आज्याला सावकाराची वही वाचता येत नव्हती. मी मॅट्रिक आहे, मला वाचता येते, तर वहीच दाखवत नाहीत.

बाबासाहेब अर्थशास्त्री होते. घटनेचं कलम २८४ सांगतं, कोर्टात जमा झालेला पक्षकाराचा पैसा सरकारच्या लोकलेख्यात गेला पाहिजे. कलम २३५ नं खालच्या कोर्टांवर हायकोर्टाचा ताबा ठेवला. हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं त्यांनी ३० मे १९४९ ला घटना समितीत सांगितलं.

म्हणजे कायदा आहे. रोजकीर्द लिहायची, शिल्लक मोजायची, वर न्यायाधीशाची सही. पण शिल्लक न मोजता सही झाली की अफरातफरीला वाट मोकळी. गोदीत बोटीचा टॅली क्लार्क वेगळा, धक्क्यावरचा वेगळा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर बोंब होते. कोर्टात पैसे घेणारा, लिहिणारा आणि भरणारा एकच माणूस का?

आणि वर्षानुवर्षं कुणी मागितली नाही तर अनामत 'लॅप्स' होऊन सरकारजमा होते. ज्याला कुणी कळवलंच नाही, तो मागणार कधी?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक रुपयाची पावती. पैसे घेणारा आणि लिहिणारा वेगळा. दर महिन्याला ट्रेझरीशी ताळमेळ. पडून असलेल्या रकमांची यादी नावानिशी कोर्टाच्या भिंतीवर, मराठीत.

तोवर स्वस्थ बसू नका. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. वस्तीत कुणाचा पैसा कोर्टात अडकलाय ते विचारा, अर्ज लिहून द्या, बरोबर जा. मोर्चाला येता, तसे नाझरच्या खिडकीवरही या.

जय भीम!