आज्ञावलीचा वारस कोण?

चिकपेट म्हणजे कन्नडमध्ये धाकटी पेठ. केंपेगौडांनी वसविलेल्या बेंगळुरूच्या जुन्या पेठांपैकी ही एक, आणि पुण्याच्या पेठांत वावरलेल्या माणसाला येथे फारसे परके वाटत नाही. रेशमी साड्यांची दुकाने, अरुंद जिने, पांढऱ्या गाद्या, गिऱ्हाईकाला चहा पाजण्याची रीत, सारे ओळखीचे. हिशेब मात्र आता लाल वहीत राहिलेला नाही. बऱ्याच दुकानांत तो टॅली किंवा तत्सम सॉफ्टवेअरवर चालतो. टॅली हे मूळ बेंगळुरूचेच. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका या उद्योजकांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिले. त्यानंतर डॉस गेले, विंडोज आले. विक्रीकर गेला, मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. प्रत्येक वेळी आज्ञावली बदलावी लागली आणि ती बदलली गेली. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. व्यापारी सॉफ्टवेअर घेताना एकदा पैसे मोजतो आणि पुढे सुधारित आवृत्त्यांसाठी वर्गणीही भरतो. हिशेबाचे साधन बंद पडले तर दुकान बंद पडेल, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याच शहरात, या पेठेपासून काही किलोमीटरवर, १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथे आणि देशातील तिच्यासारख्या सर्व संस्थांत विद्यार्थी व शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे आज्ञावल्या लिहीत आले आहेत: हवामानाच्या, प्रथिनांच्या रचनेच्या, भूकंपलहरींच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या. शासकीय अनुदानातून निर्माण झालेल्या या मालमत्तेची देखभाल कोणी करावी, हा प्रश्न मात्र आपल्या वित्तीय व्यवस्थेने स्वतःला अजून नीट विचारलेला नाही.

उदाहरण महाराष्ट्रातील घेऊ. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत, आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर आकाशाचे मोठे सर्वेक्षण केले. निरीक्षणे झाली, विदा साठविली गेली. परंतु एवढ्या कमी वारंवारितेवर पृथ्वीचे आयनांबर लहरींना असे वाकविते की, नुसत्या विदेतून स्वच्छ चित्र निघत नाही. ते दोष काढून टाकणारी 'स्पॅम' नावाची आज्ञावली ह्यूब इंटेमा यांनी नेदरलँड्समधील लायडन येथे पीएचडी करताना रचली होती. तिच्या साह्याने सर्व विदेवर नव्याने प्रक्रिया होऊन सुमारे नव्वद टक्के आकाशाचा नकाशा आणि सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओस्रोतांची यादी २०१७ साली प्रसिद्ध झाली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ती यादी वापरतात.

आता या यशाचा पाया पाहा. 'स्पॅम' उभी आहे अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'एप्स' या आज्ञासंचावर. तिच्यात आणि 'एप्स'मध्ये दुवा साधते युरोपात लिहिलेले तिसरेच एक सॉफ्टवेअर. आणि हे सारे बांधलेले पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवर, जिचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. 'स्पॅम'मध्ये त्या दिवशी एक अक्षरही बदलले नव्हते. तरी तिचे आयुष्य त्या दिवसापासून मोजके झाले. आज्ञावली स्वतः झिजत नाही, तिच्याखालची भाषा, यंत्रप्रणाली आणि यंत्रे बदलत जातात, आणि कोणी हात लावला नाही तर ती एके दिवशी सुरूच होत नाही. पुढे केंद्रातीलच शास्त्रज्ञांनी सुधारित जीएमआरटीसाठी 'कॅप्चर' नावाची नवी आज्ञामालिका तयार केली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध केली, ही समाधानाची गोष्ट. पण संशोधन करण्यासाठी नेमलेल्या माणसांनी असे काम अंगावर घेतले म्हणून ते होते. तबकड्या फिरविणारी यंत्रणा मात्र कोणाच्या सवडीवर चालत नाही. तिच्यासाठी अभियंते आहेत आणि सुट्या भागांची तरतूदही आहे.

आपल्याकडील संशोधन प्रकल्पाचा मंजुरी आदेश ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातील मेख लगेच कळेल. मुदत साधारणतः तीन वर्षे. शीर्षे ठरलेली: मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा वरखर्च. मुदत संपली की १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि नस्ती बंद होते. प्रकल्पात घेतलेला सूक्ष्मदर्शक जडसंग्रह नोंदवहीत चढतो, त्याची दरवर्षी प्रत्यक्ष पडताळणी होते, त्याचा वार्षिक देखभाल करारही करता येतो. तो हरवला तर लेखापरीक्षक परिच्छेद लिहितो. त्याच प्रकल्पात तीन वर्षे खपून लिहिलेली आज्ञावली मात्र त्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपबरोबर दुसऱ्या देशात निघून गेली, तर कोणत्याही नोंदवहीत एक ओळही कमी होत नाही. कारण ती मुळात चढलेलीच नसते.

इमारतींच्या बाबतीत आपण एवढे भोळे नाही. बांधकामाचा भांडवली खर्च ४०५९ या प्रधान शीर्षाखाली, तर देखभाल-दुरुस्तीचा महसुली खर्च २०५९ खाली, हे कनिष्ठ लिपिकालाही पाठ असते. (देखभालीचा निधी वेळेवर आणि पुरेसा मिळतो की नाही, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे.) किमान शीर्ष तरी आहे. शीर्ष असले की मागणी करता येते आणि नाकारली गेली तर नाकारणाऱ्याची सही राहते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: आज्ञावली मुक्त स्रोत करून टाका, जग सांभाळील. मुक्त करावी हे खरेच, जनतेच्या पैशाने झालेले काम जनतेला दिसले पाहिजे. पण दार उघडे ठेवल्याने घर झाडले जात नाही. २०१४ साली 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला, तेव्हा इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांची सुरक्षा ज्यावर अवलंबून होती, त्या 'ओपनएसएसएल'साठी पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता, हे जगाला समजले. सर्वांचे म्हणून जे असते ते बहुधा कोणाच्याच कार्यसूचीत नसते. आपल्या गावांतील सार्वजनिक विहिरींची कथाही याहून निराळी नाही.

प्रशासनाने यात का पडावे, असे कोणी विचारील. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने करोनासाथीचे जे भाकीत वर्तविले, त्याचा ब्रिटिश सरकारच्या टाळेबंदीच्या निर्णयावर मोठा प्रभाव पडला. त्यामागील आज्ञावली आपण तेरा वर्षांहून अधिक काळापूर्वी, इन्फ्लुएंझाच्या साथींसाठी, फारशा टिपणांविना लिहिली होती, असे गटप्रमुखांनीच त्या दिवसांत सांगितले. ती साफसूफ करून लोकांपुढे ठेवण्यास बाहेरील अभियंत्यांची मदत घ्यावी लागली. भाकीत बरोबर की चूक, हा येथे मुद्दा नाही. कोट्यवधी लोकांना घरात बसविणारा निर्णय घेताना हाताशी असलेले साधन दुसऱ्या कोणाला वाचताही येत नव्हते, ही बाब प्रशासकाची झोप उडविणारी आहे. पूर, दुष्काळ, धरणांतील विसर्ग यांविषयीचे आपले निर्णयही अशाच प्रतिरूपांवर अधिकाधिक विसंबू लागले आहेत.

ब्रिटनमध्ये २०१० साली याच प्रश्नासाठी एक संस्था स्थापन झाली आणि २०१२ पासून 'संशोधन सॉफ्टवेअर अभियंता' असे पदनामच रूढ होऊ लागले. आपल्याकडे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि २०२३ ते २०२८ या काळासाठी ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला. यातून संशोधन सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी वेगळे शीर्ष निघावे आणि प्रकल्प संपल्यानंतरही त्यातून खर्च करता यावा, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक आज्ञावली जगविण्याचा आग्रह धरू नये; बहुतेक आज्ञावल्यांचे काम प्रबंधाबरोबर संपते आणि त्या संपू द्याव्यात. कोणती राखायची, हे ती वापरणाऱ्यांना विचारून दर काही वर्षांनी ठरवावे, आणि राखायची ठरलेली संस्थेच्या नोंदवहीत नावानिशी चढवावी.

खरी अडचण माणसाची येईल. असे काम करणाऱ्याला विज्ञानही समजले पाहिजे आणि उत्तम आज्ञावलीही लिहिता आली पाहिजे. अशा माणसाला बेंगळुरूतील कोणतीही कंपनी उद्या उचलील. त्याला कंत्राटी 'प्रकल्प सहायक' म्हणून अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका देत राहिलो तर तो टिकणार नाही. शोधनिबंधांची संख्या मोजून बढती देणाऱ्या समितीपुढे त्याला उभे केले तर तो हरेल, कारण त्याचे वर्षभराचे उत्तम काम म्हणजे काहीही बंद न पडणे. तेव्हा आधी सेवाप्रवेश नियम लिहावे लागतील: पदनाम, वेतनस्तर, पदोन्नतीची साखळी, आणि मूल्यमापनाचा असा नमुना की ज्यात किती लोकांनी त्याची आज्ञावली वापरली आणि कळविलेले किती दोष त्याने दूर केले, हे रकाने असतील. आकृतिबंधात नवे पद घालणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना आहे. तरी मोठ्या संस्थांनी प्रत्येकी दोन पदांचा प्रस्ताव पाठवून सुरुवात करण्यास कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही.