जिना कोणाचा?

खुर्चीत बसून जिना चढणाऱ्या आजीबाईंची जाहिरात आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. गुळगुळीत पायऱ्या, भिंतीवर घरच्यांची छायाचित्रे, कडेने गेलेला एक रूळ आणि त्यावरून सावकाश सरकणारी गादीची खुर्ची. खाली उभा असलेला मुलगा समाधानाने वर पाहत असतो. जाहिरातीत खोटे काही नाही. यंत्र चांगले आहे, जगभर वापरले जाते आणि ज्याच्या घरात बसते त्याचे म्हातारपण खरोखरच सुसह्य करते. फक्त त्या चित्रातला जिना घराच्या आत असतो. चिंचपोकळी, लालबाग, परळ, काळाचौकी या पट्ट्यात घर खोलीच्या उंबरठ्याशी संपते आणि जिना त्याच्या बाहेर सुरू होतो.

या पट्ट्यातली माणसे आता म्हातारी झाली आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, त्या वेळी तिशीत असलेला कामगार आज पंचाहत्तरीला टेकला आहे. मुले डोंबिवलीला, विरारला, पनवेलला गेली. मागे राहिली ती नवरा-बायको आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची ती खोली. गुडघे जाऊ लागले की माणूस आधी दिवसातून एकदाच उतरतो, मग आठवड्यातून एकदा, आणि पुढे फक्त मतदानाला आणि दवाखान्यात. भाजी गॅलरीतून दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते. दवाखान्यात जायचे तर मंडळाची चार पोरे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आजोबांना खाली आणतात आणि वर नेतात. आमच्याकडची ‘जिन्यावरची खुर्ची’ ती हीच. तिला वीज लागत नाही, पण पोरे कामाला गेलेली असतील तर ती बंद असते.

यंत्राविषयी आधी थोडे सांगतो. ज्यांच्याकडे स्वतःचा जिना आहे, म्हणजे पुण्याचा बंगला, ठाण्याचे रो-हाउस किंवा गावचे माडीचे घर, त्यांना ते उपयोगी पडेल. असे यंत्र अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२० च्या दशकात बनवले. (त्याच दशकात आपल्याकडे बीडीडी चाळींचे जिने बांधले जात होते.) रूळ सहसा भिंतीला नव्हे, पायऱ्यांना ठोकतात. त्यामुळे भिंत कच्ची असली तरी निभावते, पायरी मात्र भक्कम लागते. खुर्ची बॅटरीवर चालते आणि रुळाच्या टोकाशी उभी असताना बॅटरी भरत राहते, म्हणून मध्येच वीज गेली तरी माणूस अधांतरी अडकत नाही. वाटेत चप्पल किंवा मांजर आले तर खुर्ची थांबते.

निवड करताना दुकानदार रंग आणि गादी दाखवतो, पण पाहायचे असते वेगळेच. जिना सरळ असेल तर तयार रूळ कापून बसतो. पुढे गरज संपली तर तो काढून दुसरीकडे नेता येतो, विकताही येतो. जिना वळणाचा असेल तर त्याचे माप घेऊन रूळ मुद्दाम घडवावा लागतो. तो कितीतरी महाग पडतो आणि दुसऱ्या कोणत्याही जिन्याला बसत नाही. वरच्या टोकाला खुर्ची फिरून तिचे तोंड मजल्याकडे झाले पाहिजे, म्हणजे उतरताना पाठीशी किंवा पायाशी पायरी राहत नाही. ही सोय नसेल तर घेऊच नये. ज्यांचा गुडघा वाकत नाही त्यांना आधी बसवून पाहावे, कारण अरुंद जिन्यात पाय समोरच्या भिंतीला घासतो. ज्यांना खुर्चीत स्वतः बसता-उठता येत नाही, किंवा ज्यांना विस्मरणामुळे मध्येच उठण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी हे यंत्र नाही. आणि बिघाड झाल्यावर माणूस किती तासांत येणार, हे किमतीच्या आधी विचारावे.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंसाठी त्यांच्या मुलाने असाच एक तंत्रज्ञ बोलावला होता. माणूस सज्जन होता. त्याने टेप काढली, लाकडी पायऱ्या टाचेने ठोकून पाहिल्या, कठडा हलवून पाहिला, मधोमध लोंबणारा दोरखंड पाहून थोडा हसला. मग त्याने काकूंच्या मुलाला विचारले, “दादा, जिना तुमच्याच मालकीचा ना?” मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी खाली मालकाच्या नावाची पुसट झालेली पाटी दाखवली. तंत्रज्ञाने टेप गुंडाळली. काकूंनी त्याला चहा दिला आणि तो जाताना म्हणाला, मालकाची लेखी परवानगी आणि सगळ्या भाडेकरूंच्या सह्या आणा, मी परत येतो.

त्या प्रश्नात सगळे राजकारण आणि अर्थकारण आले. या भागातल्या बहुतेक चाळींचे भाडे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने गोठले, आणि तेही सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. महिन्याला दोन-चार वडापावांच्या हिशेबात भाडे घेणारा मालक जिन्यावर पैसा घालत नाही. त्याचे वागणे आवडो न आवडो, हिशेब समजण्यासारखा आहे. सरकारने १९६९ चा कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि वेगळे मंडळ नेमले. पुढे ते म्हाडाच्या छत्राखाली आले. त्या काळी उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. मंडळ दुरुस्ती करते ती इमारत पडू नये म्हणून; खर्चाला मर्यादा असते आणि तुळया, खांब, स्लॅब यांतच ती संपते. जिना मोडला तर दुरुस्त होईल. तो चढता येत नाही ही गोष्ट दुरुस्तीच्या व्याख्येतच बसत नाही.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मालकाने कोणत्या अत्यावश्यक सेवा तोडू नयेत, याच्या यादीत पाणी आणि विजेबरोबर जिन्यावरचे दिवे आणि लिफ्टसुद्धा आहे. म्हणजे लिफ्ट असेल तर ती बंद करता येणार नाही. नसेल तर ती देण्याचे बंधन कोणावर नाही. दुसऱ्या एका कलमात, मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाड्याच्या जागेत कायमचे बांधकाम केले तर जागा खाली करून मागता येते. त्यातून लाकडी पार्टिशन, उभा ओटा, वातानुकूलन यंत्र, धुराची चिमणी अशा गोष्टी वगळल्या आहेत. कायदा करणाऱ्यांना उकाड्याची आठवण झाली, गुडघ्यांची झाली नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारती आणि नवी बांधकामे यांच्याबद्दल बरेच काही बोलतो, पण जुन्या खासगी चाळीच्या जिन्यापर्यंत तो प्रत्यक्षात आलेला नाही.

मालकाची परवानगी मिळाली तरी एक अडचण उरतेच आणि ती खरी आहे. चाळीचा जिना एकच असतो. गॅसचे सिलिंडर, लग्नाची वऱ्हाडे, गणपती आणि तिरडी हे सगळे त्याच जिन्याने जाते. आग लागली तर पळायलाही तोच. खुर्ची मिटून ठेवली तरी ती फूटभराहून जास्त जागा अडवते. तीन-साडेतीन फुटांच्या जिन्यात शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर त्यांना आप्पलपोटे म्हणता येणार नाही. त्यामुळे प्रत्येक चाळीत खुर्ची बसवा अशी मागणी मी करणार नाही. बऱ्याच जिन्यांत ती बसणारच नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. जिन्याबद्दल काहीही विचारले की एकच उत्तर मिळते, “आता कशाला? टॉवर होणारच आहे.” मालक हे म्हणतो, बिल्डरचा माणूस म्हणतो, नगरसेवक म्हणतो आणि हळूहळू आपणही म्हणू लागतो. येणाऱ्या लिफ्टने असलेला जिना मारला आहे.

हा ‘आता’ किती लांबतो ते पाहा. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून भाड्याच्या शंभरपट रक्कम भरली तर इमारत संपादित करून त्यांना देता यावी, अशी तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आली. मालकांनी तिला आव्हान दिले. १९९२ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यातल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींचा निकाल लागला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. सगळीच खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येत नाही, असे न्यायालयाने बहुमताने सांगितले. निकाल योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण १९९२ साली चाळीस वर्षांचा असलेला भाडेकरू तोवर बहात्तर वर्षांचा झाला होता. दरम्यान, धोकादायक इमारतींच्या मालकांना सहा महिन्यांची मुदत, मग भाडेकरूंना, मग म्हाडाला, असा ७९-अ कलमाचा नवा मार्ग निघाला. त्याखालच्या नोटिसांवरूनही २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वाद झाला.

जिथे सरकारच मालक आहे तिथेही वेळ लागतो. बीडीडीच्या २०७ चाळी, त्यांतल्या ३२ आपल्या शेजारी ना. म. जोशी मार्गावर. तळमजला अधिक तीन मजले, एकशेसाठ चौरस फुटांची खोली. एप्रिल २०१७ मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि त्या दिवशी लिफ्टने वर गेलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे मी दूरदर्शनवर मन भरून पाहिले. पण मालक एक, जमीन मोकळी आणि सरकारची इच्छा असतानाही ही आठ वर्षे आहेत. आमच्या गल्लीत मालकाचे वारस पाच शहरांत विखुरलेले आहेत.

इतर देशांनी ही वाट कशी काढली? इंग्लंडमध्ये अपंगांसाठी घरात बदल करायला स्थानिक संस्थेकडून तीस हजार पौंडांपर्यंत अनुदान मिळू शकते, उत्पन्न पाहून, आणि त्यात जिन्यावरची खुर्ची येते. जर्मनीत शुश्रूषा विम्यातून २०२५ पासून ४,१८० युरोपर्यंत मिळतात. आपल्याला जास्त जवळची आहेत ती सिंगापूर आणि चीन. सिंगापूरच्या जुन्या सरकारी इमारतींत लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबत असे. २००१ पासून ती प्रत्येक मजल्यावर थांबवण्याची योजना निघाली. तीन-चतुर्थांश कुटुंबांचा होकार मिळाला की काम सुरू, बहुतेक खर्च सरकारचा. चीनमध्ये लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्टचा मनोरा जोडतात. तिथे भांडण होते ते तळमजल्याशी, कारण त्याचा उजेड जातो आणि फायदा काहीच नाही. म्हणून वरचे जास्त पैसे देतात, तळमजला देत नाही. चाळीतल्या माणसाला हे भांडण आणि ही तडजोड दोन्ही समजावून सांगावे लागणार नाही.

या सगळ्यांत समान धागा एवढाच की जिना ही कोणाच्या तरी जबाबदारीची बाब ठरली. आपल्याकडे ती सार्वजनिक जिन्यांबाबत काही अंशी झाली, तीही २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलाच्या जिन्यावर तेवीस माणसे चेंगरून गेल्यानंतर. मग पूल रुंद झाले, स्थानकांवर सरकते जिने आणि लिफ्ट वाढल्या. चाळीच्या जिन्यावरून पडणारा माणूस एकेकटा पडतो. त्याची बातमी होत नाही, फक्त मांडीचे हाड मोडते आणि तो परत उतरत नाही.

टॉवर येईपर्यंत करता येण्यासारखे बरेच आहे आणि ते महाग नाही. जिन्याला एकाच बाजूने कठडा असतो. दुसऱ्या बाजूने हाताला धरायला गोल दांडा बसवला की अर्धे काम होते, कारण अर्धांगाच्या माणसाचा एकच हात चालतो आणि चढताना जी बाजू उजवी ती उतरताना डावी होते. झिजलेल्या पायऱ्या एका उंचीच्या करून घ्याव्यात; पाय अडखळतो तो बहुधा वेगळ्या उंचीच्या एका पायरीवर. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, प्रत्येक वळणावर दिवा आणि भिंतीला मिटणारी एक लाकडी बैठक. ही कामे मंडळाच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात आवर्जून धरली पाहिजेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे. जिथे जिना सरळ आणि पुरेसा रुंद आहे तिथे रहिवाशांच्या बहुमताने खुर्ची बसवता यावी आणि ती कायमचे बांधकाम समजू नये, एवढी दुरुस्ती मात्र कायद्यात हवी. ओटा आणि एसीच्या यादीत आणखी एक शब्द.

आणि टॉवरच्या करारावर सही करणाऱ्यांनी लिफ्टचे कलम नीट वाचावे. मूळ रहिवाशांच्या इमारतीत किती लिफ्ट, स्ट्रेचर मावेल अशी एक तरी आहे का, वीज गेल्यावर जनरेटरवर ती चालेल का, कॉर्पस फंडाच्या व्याजातून देखभाल किती वर्षे भागेल, आणि त्यानंतर महिन्याचा खर्च निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला झेपेल का. दुसऱ्या मजल्यावरून उतरणे कठीण होते हे खरे, पण चार पोरे जमवून ते होत असे. बाविसाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर चार पोरे पुरणार नाहीत.