परक्या घरचा फ्लॅश

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात एखाद्या मराठी घरी मुंज आहे, अशी कल्पना करा. माजघरात उजेड बेताचा, मंडळी दाटीने बसलेली, आणि मातृभोजनाचा प्रसंग एकदाच यावयाचा. काकांजवळ निकॉनचा जुना फ्लॅश आहे, पुतण्याच्या हाती कॅननचा नवा डिजिटल कॅमेरा. ‘हा यावर चालेल का?’ हा प्रश्न नेमका ऐन वेळी निघतो. त्याचे उत्तर आदल्या दिवशीच ठाऊक असलेले बरे.

फ्लॅशचा पाय कॅमेऱ्यावरील ज्या खाचेत सरकतो, तिचे माप बहुतेक कंपन्यांनी एकच ठेवले आहे. तिच्या मधोमध धातूचा एक ठिपका असतो. शटर उघडताच तो फ्लॅशला उजळण्याचा इशारा देतो. ही खूण बहुधा सर्वांस समान आहे. भोवतालचे लहान ठिपके मात्र कंपनीगणिक निराळे. उजेड किती हवा, याची बोलणी त्यांतून चालतात, आणि ती भाषा परक्यास कळत नाही. सारांश, फ्लॅश उजळेल. मोजमाप आपण करावयाचे. काही कॅमेऱ्यांत मधला ठिपकाच नसतो. कॅननचा २०१९ सालचा २००डी मार्क २ हा त्यांपैकी एक. तेथे हा उपाय चालत नाही.

मोजमाप अवघड नाही. कॅमेरा व फ्लॅश दोन्ही ‘मॅन्युअल’वर ठेवावेत, शटर १/१२५ सेकंद. फ्लॅशच्या गाइड नंबरास अंतराने भागले की अ‍ॅपर्चर मिळते. आयएसओ १०० ला गाइड नंबर २८ असेल आणि बटू साडेतीन मीटरवर बसला असेल, तर अ‍ॅपर्चर ८. फ्लॅशला स्वतःचा प्रकाशमापक डोळा असल्यास काम आणखी सोपे. परतलेला उजेड मोजून तो आपला आपणच थांबतो.

खरा धोका निराळाच आहे. जुने काही फ्लॅश त्या मधल्या ठिपक्यावर दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब आणतात. फिल्मच्या कॅमेऱ्यातील धातूच्या पट्ट्यांनी तो सोसला. डिजिटल कॅमेऱ्यातील नाजूक इलेक्ट्रॉनिक जोडणी त्याने कायमची निकामी होऊ शकते. रूपावर विसंबू नये. व्हिविटार २८३ च्या आरंभीच्या नगांत हा दाब मोठा होता, पुढील नगांत अगदी थोडा. वरून मात्र दोन्ही सारखेच दिसत. म्हणून जाणत्या कारागिराकडून मल्टिमीटरने दाब मोजून घ्यावा आणि कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. फ्लॅश घरी कदापि उघडू नये. सेल काढल्यावरही आत जबर धक्का देण्याइतकी वीज साठून राहते.

एवढी खात्री झाली की आदल्या संध्याकाळी बटूच्या जागी एखाद्या भावंडास बसवून दोनचार छायाचित्रे काढून पाहा. मग दुसऱ्या दिवशी आपले लक्ष यंत्राकडे न राहता, लेकराला घास भरविणाऱ्या आईच्या मुद्रेकडे राहील.