यंत्राला अहिराणी कळेल काय?

पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर ध्वनिक्षेपक अखंड बोलत असतो. बागलाणातली एखादी आजी सुनेचा हात सुटला म्हणून रडत येते. तिच्या बोलण्यावरून कार्यकर्ता मुलूख ओळखतो, दोन प्रश्न विचारतो आणि पुकारा होतो. सिंहस्थाची व्यवस्था आजवर अशा माणसांच्या कानांवर चालली. २०२७च्या सिंहस्थात त्यांच्या जोडीला यंत्राचे कान असावेत, ही अपेक्षा प्रयागराजनंतर स्वाभाविकच आहे.

तेथील महाकुंभासाठी १३ डिसेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'कुंभ सहायक' या संवादयंत्रणेचा प्रारंभ केला. ती ११ भाषांत माहिती देई. मागे आधार होता तो २०२२मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमाचा. हरवले-सापडले विभागातही भाविकाने आपल्या भाषेत बोलावे, यंत्राने ते अक्षरांत उतरवून भाषांतरित करावे, अशी सोय योजली होती. परकीय कंपन्या आपल्या भाषांकडे ग्राहकसंख्या पाहून वळतात. गुगलचा सहायक मराठी बोलू लागला तो २०१८मध्ये. म्हणूनच देशाने स्वतःचे भाषातंत्र उभारणे अभिमानास्पद आहे. मात्र 'कुंभ सहायका'च्या पोटात 'लामा' हे 'मेटा' या अमेरिकन कंपनीचे भाषाप्रारूप होते, ही कबुली त्या अभिमानाला जोडलेली बरी.

नाशिकची अडचण याहून जवळची आहे. यंत्र तेच ओळखते, ज्याचे नमुने त्याला ऐकवले गेले आहेत. 'भाषिणी'चा भर आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर. कळवण-बागलाणची अहिराणी आणि सुरगाणा-पेठची कोकणा या अनुसूचीत नाहीत. पुस्तकी मराठी उत्तम समजणारे यंत्र या आजीपुढे बहिरेच ठरेल. त्यातून भोवती ढोल, घोष, पोलिसांच्या शिट्ट्या आणि गर्दीने कोलमडलेले मोबाइलचे जाळे!

ही केवळ गैरसोयीची गोष्ट नव्हे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ रोजी, अधिकृत आकड्यानुसार, ३०. आधुनिक साधने हाताशी असतानाच हे घडले. घाटाची वाट विचारणाऱ्याला यंत्राने चुकीचे ऐकून आत्मविश्वासाने भलत्या गल्लीत धाडले, तर उत्तरदायी कोण? "कळले नाही" असे म्हणून जवळच्या माणसाशी जोडून देणे, हे यंत्राला सर्वांत आधी शिकवायला हवे.

आवाजाच्या मालकीचा प्रश्नही आहेच. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५चे. त्यांतील मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. पहिले अमृतस्नान २ ऑगस्टला. लाखो भाविकांचे आवाज किती दिवस ठेवणार आणि कोणाला देणार, हे प्रशासनाने मेळ्यापूर्वी जाहीर केले पाहिजे.

बोलींचे काम तर त्याहून आधीचे. २०१५च्या सिंहस्थासाठी मूळचे नाशिककर असलेले एमआयटीचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' भरले, तेव्हा येथील तरुणांनी मेळ्याच्या प्रश्नांवर उपाय शोधले होते. या वेळी त्यांना ध्वनिमुद्रक घेऊन सटाण्याच्या आठवडी बाजारात आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर जावे लागेल, आणि आजीला विचारावे लागेल, की हात सुटला तर ती नेमके काय म्हणेल.