डांसांवर सुगंधी तेलें : भरंवसा किती ठेवावा?

अलीकडे पावसाळा लागला कीं सिट्रोनेला, गवती चहा यांच्या तेलांची डांसांवर रामबाण म्हणून स्तुति कानीं पडते. दाराशीं सिट्रोनेलाचे चार ठोंब लावले तरी डांस फिरकत नाहींत, असेंही सांगतात. आम्हींही लावले होते. गवत उत्तम माजलें आणि डांसही माजले. त्याच भाद्रपदांत नातीस डेंग्यू झाला.

यांत गवताचा दोष नाहीं. तेल पानांत कोंडलेलें असतें. पान चुरगाळल्यावांचून तें पुरेसें बाहेर पडत नाहीं. काढलेलें तेल खोबरेलांत थोडें मिसळून हातापायांस चोळलें तर डांस दूर राहतात खरे, परंतु तें उडून जाणारें असल्यामुळें तास-दोन तासांत त्याचा गुण सरतो. रात्रींच्या विजेवर पिकास पाणी देण्यास जाणाऱ्यानें तें जरूर लावावें. निजतांना मात्र मच्छरदाणीच हवी, आणि तान्ह्या मुलांस हें तेल लावूं नये. शिवाय या वासानें डांस मरत नाहीं, शेजाऱ्याकडे जातो.

डांसाचें मूळ पाण्यांत आहे. हिंवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं सांपडले, ते सिकंदराबादेस, म्हणजे आपला जिल्हा ज्या निजामी राज्यांत होता त्याच मुलुखांत. डेंग्यूचा डांस तर घरच्या स्वच्छ पाण्यांतच वाढतो व दिवसां चावतो. आमच्या घरीं त्याच्या अळ्या निघाल्या त्या पिण्याच्या रांजणांत, सिट्रोनेलाच्या ठोंबांपासून चार हातांवर.

आरोग्य खातें आठवड्यास एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतें. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस लागतात, तेव्हां उपदेश योग्यच. पण दुष्काळी सालीं टँकरची वाट पाहणाऱ्या आष्टी-पाटोद्याच्या गांवकऱ्यांस रांजण ओतून द्या म्हणून कसें सांगावें? असले हुकूम आम्हीं नोकरींत पुष्कळ नकलले आहेत. ते काढणाराच्या घरीं नळ असतो.

आमचें मत असें कीं पाणी ओतूं नये, गाळावें. दर आठवड्यास जाड फडक्यांतून तें दुसऱ्या भांड्यांत घ्यावें, रिकाम्या रांजणाच्या कडा काथ्यानें खरवडून घासाव्या, आणि तोंडास फडकें घट्ट बांधावें. घासणें टाळूं नये. या डांसाचीं अंडीं कडेस चिकटून कित्येक महिने कोरडीं जगतात. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावे. फडक्यांतल्या अळ्या व तळचा गाळ कोरड्या मातींत टाकला कीं त्या मरतात. आम्ही तो त्या सिट्रोनेलाच्या ठोंबांस घालतों.